अनेकांच्या हातचे एक पान

स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्यावीत असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा शालेय शिक्षणावरचा नेहमीचा एखादा लेख देऊन मोकळे व्हावे असे माझ्या मनात होते. परंतु त्याच आठवड्यात ट्रस्टच्या कचेरीत एक लहानसा प्रसंग घडला आणि विषय आपोआप ठरला. जुन्या कागदांची जुळवाजुळव चालू असता एका तरुण सभासदाने खिशातून मोबाईल काढला आणि विकिपीडियावरील बेळगावविषयीचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविला. हा ज्ञानकोश कोणी लिहिला, असे कोणीतरी विचारले. 'सगळ्यांनी,' असे तो म्हणाला, आणि पानावरच्या 'संपादन' या शब्दावर बोट ठेवून, मोजकी वादग्रस्त पाने सोडली तर इतरत्र कोणालाही कसा फेरफार करता येतो, हे त्याने समजावून सांगितले. आमचे एक वयोवृद्ध विश्वस्त इतका वेळ स्वस्थ बसून होते, ते माझ्याकडे वळले. "काय ओ गुरुजी, कुणीबी यायचं आणि लिहायचं, कुणीबी यायचं आणि पुसायचं, मग त्याला पुस्तक कसं म्हणायचं ओ?"

त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. अनोळखी माणसांनी, एकमेकांचे तोंड न पाहता, मानधनाशिवाय लिहिलेला मजकूर एकसंध राहतोच कसा? त्याचा यथामती खुलासा करण्याचा हा प्रयत्न आहे.

अनेकांनी मिळून लिहिणे ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. आमच्या शाळेत मुलांचे हस्तलिखित निघते. वर्षातून एकदा मुले लेख, कविता, कोडी आणि चित्रे गोळा करतात, सुंदर अक्षराची दोन मुले सगळे उतरवून काढतात आणि वर वेलबुट्टीचे मुखपृष्ठ चढते. काही वर्षांपूर्वी 'आपला गाव' असा विषय ठेवला होता. गावातील एका जुन्या विहिरीविषयी तीन मुलांनी तीन हकिगती आणल्या. एकीच्या आजीने सांगितले होते की ही विहीर दुष्काळी कामावर खणली. दुसऱ्याच्या घरी असे ऐकिवात होते की एका घराण्याने ती पुण्यार्थ बांधून दिली. तिसऱ्याच्या आजोबांच्या मते विहीर या दोन्ही गोष्टींच्या आधीपासून होती, पुढे फक्त काठ बांधला. हस्तलिखितात जागा थोडी. मी दोन हकिगतींवर काट मारली आणि एक ठेवली. आज कबूल करण्यास हरकत नाही की ठेवलेल्या लेखाचे अक्षर सुवाच्य होते, यापलीकडे त्या निवडीला दुसरा आधार नव्हता.

हस्तलिखिताला एक गुरुजी असतो. तो शहाणा असो वा नसो, शेवटचा शब्द त्याचा. मोठमोठे कोशही याच रीतीने झाले आहेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, त्यासाठी मर्यादित कंपनी स्थापून भांडवल जमविले, साहाय्यक मिळविले. पण कोशावर छाप केतकरांचीच. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसाव्या खंडाचे काम २०१५ साली पुरे झाले. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. त्या नावावर विश्वास ठेवून आपण नोंद वाचतो. तज्ज्ञाने लिहावे, दुसऱ्या तज्ज्ञाने तपासावे आणि मगच छापावे, हा त्याचा क्रम. तो उत्तम आहे. फक्त त्याला चाळीस वर्षे लागतात.

इंटरनेटवरही पहिला प्रयत्न याच रीतीने झाला होता. अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली 'न्यूपीडिया' नावाचा कोश सुरू केला. त्यात प्रत्येक लेखाला तपासणीच्या सात पायऱ्या चढाव्या लागत. सुमारे तीन वर्षांत पुरे झालेले लेख पंचविसाच्या घरात राहिले. दरम्यान वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्येच एक निराळी युक्ती अमलात आणली होती: वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करण्याची मोकळीक द्यायची. 'विकी' हे तिचे नाव हवाई बेटांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ 'लवकर' असा आहे. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसगाडीचे 'विकी विकी' हे नाव कनिंगहॅमच्या लक्षात राहिले होते. हीच युक्ती वापरून १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि न्यूपीडियाला जे तीन वर्षांत जमले नाही ते काही आठवड्यांत मागे पडले. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्रदिनाचा. आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. हे सर्व चालविणारी संस्था धर्मादाय स्वरूपाची आहे. ती जाहिराती घेत नाही, वाचकांच्या देणग्यांवर चालते. आपल्या ट्रस्टच्या खजिनदारांना हे वाचून थोडे आश्चर्य आणि थोडा हेवा वाटेल.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. सर्वांना लिहू दिले की गोंधळ व्हायला हवा. तो बहुधा होत नाही, याचे पहिले कारण पानाच्या मांडणीत आहे. विकिपीडियाचे पान दिसते एक, पण ते तिहेरी असते. वर लेख. त्याच्या मागे 'चर्चा' नावाचे पान. आणि त्याच्याही मागे 'इतिहास', ज्यात लेखाची आरंभापासूनची प्रत्येक प्रत, कोणी कोणत्या दिवशी किती वाजता काय बदलले याच्या नोंदीसह जपलेली असते. विश्वस्तकाकांना वाटले तसे येथे सहसा काही पुसले जात नाही. खोडलेला मजकूर मागच्या प्रतीत शाबूत असतो आणि एका दाबासरशी परत आणता येतो. नासधूस करणाऱ्याला दहा मिनिटे बसून खोटे रचावे लागते. ते काढून टाकणाऱ्याला दहा सेकंद पुरतात. माणसे सज्जन आहेत या भरवशावर ही व्यवस्था उभी नाही. बिघडविणे महाग आणि सुधारणे स्वस्त, असा हा हिशेब आहे.

सही कोठे करावयाची याचाही विचार झाला आहे. लेखाखाली कोणाचे नाव येत नाही. चर्चेच्या पानावर मात्र आपल्या म्हणण्याखाली सही करण्याचा दंडक आहे. ज्याला भांडायचे आहे त्याने नाव घेऊन चर्चेत भांडावे. लेखात भांडण दिसू नये. आपल्या वार्षिक सभेत हा नियम लागू करता आला असता तर इतिवृत्त लिहिणाऱ्याचे निम्मे श्रम वाचले असते!

मराठी विकिपीडियाने या जागांना दिलेली नावे मला फार आवडली. जेथे सर्वसाधारण प्रश्नांवर खल होतो त्या पानाला 'चावडी' म्हणतात. नवशिक्याने हात बसविण्यासाठी जे पान वापरावे त्याचे नाव 'धूळपाटी'. आमच्या वडीलधाऱ्यांनी पाटीवर धूळ पसरून त्यात बोटाने अक्षरे गिरविली. चुकले की हात फिरवायचा आणि पुन्हा लिहायचे. ज्याने कोणी हा शब्द योजला त्याला परभाषेतील शब्दाची नक्कल करण्यापेक्षा आपल्या शाळेतली वस्तू आठवली, हे त्याचे भाषेवर उपकार आहेत.

मांडणी इतके काम करते, पण पुरे करीत नाही. उरलेले काम लिहिण्याच्या रीतीने करावे लागते, आणि तेथे आपल्यासारख्यांची खरी अडचण होते. आपण स्मरणिकेत कसे लिहितो? 'दानशूर अमुक यांनी अहोरात्र झटून शाळेची भव्य इमारत उभी केली.' मी नववीच्या वर्गाला अशी पाच वाक्ये दिली आणि जे दाखविता येत नाही ते काढून टाकण्यास सांगितले. 'दानशूर' गेले, 'अहोरात्र' गेले, 'भव्य' गेले. एक मुलगा म्हणाला, "सर, एकट्यांनी इमारत बांधली हे तरी कुठं माहीत आहे?" तेही गेले. उरले ते इतकेच: शाळेला इमारत आहे. मुले हसली, मला हसू आले नाही, कारण ते वाक्य मीच पूर्वी एका अहवालात लिहिले होते. त्या दात्याने किती रुपये दिले, कोणत्या साली दिले, आणखी कोणी दिले, हे लिहिले असते तर विशेषणांवाचून त्यांचा मोठेपणा दिसला असता, आणि कोणाला तो खोडताही आला नसता.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे. मराठीत माणसाविषयी लिहायला बसले की क्रियापदच बाजू घेते. आपल्या पक्षाचे सरदार 'चालून आले' आणि शत्रूचा सरदार 'चालून आला'. इंग्रजी लेखकाला हा पेच पडत नाही. कन्नडमध्ये 'बंदरु' आणि 'बंदनु' असा हाच भेद आहे. आमच्या घरी बोलल्या जाणाऱ्या दखनीतही तो आहे. म्हणजे या सीमाभागात तीन भाषा बोलणाऱ्या माणसाला तिन्ही भाषांत तोंड उघडताच मान द्यावा की न द्यावा हे ठरवावे लागते. यावर एकच उपाय मला दिसतो: मान द्यायचा तर सर्वांना सारखा द्यावा. वर्गात हे सांगितले की मुले प्रथम नाखूष होतात. मग त्यांपैकी एखादा इतिहासाच्या पुस्तकात 'आला' आणि 'आले' मोजू लागतो.

तिसरी गोष्ट आधाराची. विकिपीडियावर विधान केले की ते कोठून घेतले हे सांगावे लागते. न सांगितल्यास त्यापुढे कोणीतरी कंसात 'संदर्भ हवा' असे चिकटवून जातो. पुष्कळांना हा अपमान वाटतो. मला बालपणापासून ही रीत ओळखीची आहे. आमच्याकडे हदीस सांगताना मजकुराच्या आधी सांगणाऱ्यांची साखळी येते: अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने आणखी कोणाकडून. मधली एक कडी कच्ची निघाली तर वचन कितीही गोड असले तरी त्याचा दर्जा उतरतो. तेव्हा 'कोणी सांगितले?' असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे, हे मला लवकर शिकविले गेले होते.

या तिन्ही गोष्टी एकत्र कशा वागतात ते बेळगावच्याच उदाहरणाने पाहू. समजा, एकाने लिहिले, 'बेळगाव हा महाराष्ट्राचाच भाग असून तो अन्यायाने कर्नाटकात डांबला आहे.' दुसऱ्याने ते काढून लिहिले, 'बेळगावी हे कर्नाटकाचे अविभाज्य अंग आहे.' पहिला पुन्हा येणार, दुसराही येणार, आणि इतिहासाच्या पानावर दोघांच्या खेपा मोजत बसावे लागणार. आता तिसरा कोणी येऊन असे लिहितो:

'बेळगाव जिल्हा पूर्वी मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळून, तो तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. या सीमेविषयी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. त्यात बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवावे आणि निपाणी, खानापूर यांसह काही भाग महाराष्ट्राला द्यावा अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल अमान्य केला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी असे झाले; मराठीत बेळगाव हे नाव रूढ आहे.'

या मजकुरात दोघांनाही हवे ते सगळे मिळत नाही, पण दोघांनाही खोडता येईल असे काही सापडत नाही. बहुतेक घटनांना साल आहे, आणि मत असेल तेथे ते कोणाचे हे लिहिले आहे. वाद मिटविण्याचे काम लेखकाने अंगावर घेतलेले नाही. वाद कशाचा आहे एवढे त्याने नीट सांगितले आहे. आपल्या गल्लीत, पारावर, एस. टी. स्टँडवर या विषयावर पन्नास वर्षे बोलणारी माणसे आहेत. त्यांपैकी किती जणांना ही सात वाक्ये सालांसह सांगता येतील? मला स्वतःला ती लिहिताना दोनदा पुस्तक उघडावे लागले.

तरीही एक गोष्ट या मजकुरातून निसटते, आणि ती लहान नाही. १ नोव्हेंबर हा दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो. त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते. हे लिहिता येते. पण त्या दिवशी सकाळी एकाच शाळेतील दोन शिक्षक परस्परांना नमस्कार करताना काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, हे कोशात येत नाही. त्यासाठी कथा, आठवणी आणि संमेलने आहेत. आपल्या कडोलीत साहित्य संमेलन भरते, तसे उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, बेळगुंदी येथेही भरते. तेथे जे ऐकायला मिळते त्यातले फार थोडे छापले जाते, आणि जे छापले जात नाही त्याचा पुढे आधार देता येत नाही.

आता दोषांविषयी. ही व्यवस्था फसते, आणि कधी वाईट फसते. २००५ साली अमेरिकेतील जॉन सीगेनथेलर या पत्रकाराच्या चरित्रलेखात कोणीतरी केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा खोटा मजकूर घातला. तो सुमारे चार महिने तसाच राहिला, कारण ते पान त्या काळात कोणी काळजीपूर्वक वाचलेच नाही. दहा सेकंदांत दुरुस्ती होते, हे मी वर म्हटले. पण ती करायला कोणीतरी यावे लागते. मोठ्या भाषांत माणसे येतात. लहान भाषांची कथा निराळी. स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर वीस हजारांहून अधिक लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते, आणि त्याला ती भाषा येत नव्हती, हे २०२० साली उघडकीस आले. इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग इकडचे तिकडे करून त्याने ते सजविले होते. मुलगा लबाड नव्हता. बारा वर्षांचा असताना त्याने हौसेने आरंभ केला होता. भाषा बोलणारे तेथे फिरकत नव्हते, एवढाच काय तो प्रकार.

मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत, त्यामुळे आपल्यावर तशी पाळी येणार नाही असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु आपल्या भागातील गावांची पाने उघडून पाहावीत. बहुतेकांत तालुका, जिल्हा आणि राज्य एवढेच सापडेल, तेही साच्यातून काढल्यासारखे. हल्ली तर यंत्राने केलेले भाषांतर एका दाबासरशी मिळते, आणि ते आपल्या गावाचे नाव कसे लिहील याचा नेम नाही.

हे वाचून काही तरुण सभासद उत्साहाने म्हणतील की मग आपल्या ट्रस्टवरच एक लेख लिहू. तसा कच्चा मजकूर त्यांनी तयारही केला होता आणि मला दाखविला होता. मी तो परत केला. त्यात विशेषणे अठरा होती आणि साल एकच होते, तेही दोन ठिकाणी निरनिराळे. शिवाय स्वतःच्या संस्थेविषयी स्वतः लिहू नये, तिच्याविषयी इतरांनी स्वतंत्रपणे काही प्रसिद्ध केले असेल त्यावरून परक्याने लिहावे, असा तेथील शिरस्ता आहे. तो मला रास्त वाटतो. मुले थोडी हिरमुसली. तेव्हा त्यांना मी कचेरीतील कपाटाकडे नेले. त्यात ठरावाच्या वह्या आहेत, कीर्द-खतावण्या आहेत, जुन्या पावत्यांची पुडकी आहेत. काही पाने कसरीने खाल्ली आहेत, काहींची शाई पसरली आहे. यातून आधी सालवार टिपण करावे, पान क्रमांकासह, असे ठरले. गेल्या तीन रविवारी दोन मुली आणि एक मुलगा ते काम करीत आहेत. एक जण वाचतो, दुसरी लिहिते, तिसरी ताडून पाहते. वाचता न आलेल्या शब्दाच्या जागी त्या रेघ ओढून ठेवतात, अंदाजाने भरीत नाहीत.

या कामात ती विहीर पुन्हा निघाली. एका वहीत तिच्या काठाच्या दुरुस्तीसाठी केलेल्या खर्चाची नोंद सापडली. ती कोणी खणली याविषयी अवाक्षर नाही. तेव्हा तिसऱ्या आजोबांचे म्हणणे निदान अर्धे तरी खरे असावे. त्यांच्या नातवाच्या लेखावर मी काट मारली होती. आजोबा अद्याप हयात आहेत. पहिल्या मुलीची आजीही आहे. दुसऱ्या घरी आता चुलते सांगतात. येत्या रविवारी मुले तिघांकडे जाऊन प्रत्येकाचे सांगणे त्याच्या शब्दांत, तारखेसह उतरवून घेणार आहेत. ऐकीव माहिती म्हणून विकिपीडियाला ती चालणार नाही. आधी कोठेतरी छापून यावी लागेल. स्मरणिकेच्या शेवटी दोन पाने मोकळी राहत आहेत असे संपादक म्हणाले. जाहिरात न मिळाल्यास ती मी मागून घेतली आहेत, आणि त्यांवर तिन्ही हकिगती येतील.